चाचणी-०१

सोहारच्या विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर,
एसीखाली बादली ठेवलेल्या खोलीत
सोळा वर्षं मी मन शिकवते आहे.
रविवारी भावना, बुधवारी स्मृती,
मधे संख्याशास्त्र, ज्याला सगळ्याच रडतात.
मुली उजवीकडून वही भरत येतात,
मी फळ्यावर डावीकडून निघते,
गाठ पडली तर पडते
एखाद्या उदाहरणापाशी.

मग ॲप आलं.
अनुदान मिळालं, समिती बसली, खजुराचं ताट फिरलं.
बंदरापलीकडच्या कामगार-वसाहतीत
उशाखाली फोन प्रत्येकाच्या असतोच,
तर रात्री दहाला त्यातूनच विचारायचं:
आजचा दिवस किती जड गेला?
शून्य, एक, दोन, तीन.
बोट टेकवा. झालं.

सहा भाषांत प्रश्न उतरवले.
मराठीचा मी हट्टाने धरला,
आपली माणसं तिथे अठ्ठावीसच, तरीही.
देवरुखकडचा एक वेल्डर मुलाखतीत म्हणाला होता,
"जेवतो, झोपतो, पैसे धाडतो. पण करमत नाही, मॅडम."
मी लिहिलं: आज करमलं का?
नियमाप्रमाणे दुसऱ्या कुणी ते इंग्रजीत परत नेलं,
तर तिकडून "कंटाळा" होऊन आलं.
समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले,
कंटाळा हे लक्षण नव्हे.
अर्धा तास भांडले मी.
करमणं म्हणजे काय ते सांगता सांगता
माझाच आवाज चिरकला,
म्हणून पाणी प्यायले
आणि "उदास" या शब्दाला होकार देऊन टाकला.

पुढे नुसते आकडे.
त्यातला वेल्डर कोणता, मला माहीत नाही.
माहीत नसावं हीच तर अट.
०२३१ सलग शून्य देतो,
०३०८ ने ईदच्या रात्री तीन दिला आणि पुन्हा उघडलंच नाही.
परिषदेत मी त्याला "गळती" म्हणाले.
तक्ता छान दिसत होता, निळ्या रंगात.

काल जुवैना आकडे साफ करायला बसली.
माझी विद्यार्थिनी, आता सहकारी,
वडील मासळीबाजारात लिलाव पुकारतात,
त्यामुळे आकडा कानानेच ओळखते.
म्हणाली, "डॉक्टर, ही चाचणी-०१ कोण?"

मी म्हटलं, काही नाही.
ॲप चालतं का बघायला उघडलेलं खातं.
खोटी ओळ आहे, काढून टाक.

"चारशे बारा रात्री आहेत," ती म्हणाली.
"एकही चुकलेली नाही.
आणि सगळीकडे शून्य.
पण टेकवायच्या आधी ही व्यक्ती
एकोणीस सेकंद थांबते. सरासरी.
थांबणंही मोजा, असं तुम्हीच तिसऱ्या सत्रात..."

खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी
उगाच भोंगा वाजवत राहिली.
मला आठवलं, एकदा तर
दात घासता घासता टेकवलं होतं,
एकदा विमानतळावर, आईचं सगळं आटोपून परत येताना,
पट्ट्यावर बॅग फिरताना बघत.
तेव्हाही शून्यच.

जुवैनाने ओळ काढली नाही.
काढते म्हणाली नाही, ठेवते म्हणाली नाही.
थर्मास उघडून वेलचीचा वास खोलीभर होऊ दिला,
छोट्या फिंजानमध्ये काहवा ओतून दिला.
संपला, तिने पुन्हा ओतला.
इथली रीत अशी की पुरे झालं
तर कप बोटांत धरून जरा हलवायचा,
तोवर समोरचा ओततच राहतो.

सोळा वर्षं मी पहिल्याच कपाला हलवत आले,
तास असतो, बैठक असते.

बादलीत थेंब पडत होते.
तिसरा कप झाला, चौथा झाला.
माझा हात हलला नाही.
"करमत नाही," मी म्हटलं, मराठीतच.
तिने अर्थ विचारला नाही.
खुर्ची मात्र ओढून घेतली
थोडी जवळ.